अळू, नारळ आणि एक प्रत्यय

एखादा पदार्थ ‘आपला’ कशावरून म्हणावयाचा, त्यांतील जिन्नसांवरून कीं तो करण्याच्या रीतीवरून, हा वाद आपल्या घरांतून सणावारीं हटकून निघतो. फिलिपीन बेटांतील एका भाजीच्या योगें त्याचा थोडा विचार करूं.

त्या देशांतील लुझोन बेटाच्या आग्नेय टोकास बिकोल प्रांत आहे. तेथें नारळ विपुल आणि जेवण झणझणीत. नारळ खवून पिळलेल्या रसास टागालोग भाषेंत ‘गाता’ म्हणतात, व त्यांत शिजविलेल्या पदार्थास ‘गिनाताआन’. मूळ शब्दाच्या पहिल्या व्यंजनापुढें ‘इन’ शिरतो आणि अंतीं ‘आन’ लागतो. शब्दाच्या पोटांत शिरणारा हा प्रत्यय पाहून आम्हांस रुधादि गणाचें स्मरण झालें. तेथेंही ‘रुध्’ धातूच्या मध्यें ‘न’ येऊनच ‘रुणद्धि’ हें रूप सिद्ध होतें.

या वर्गांतील बिकोलची प्रसिद्ध भाजी म्हणजे ‘लाइंग’. ही वाळविलेल्या अळूच्या पानांची. तींत आलें, लसूण, कांदा व मिरच्या घालतात. सुकी कोळंबी किंवा डुकराचें मांसही बहुधा पडतें. आमच्या शाकाहारी वाचकांनीं तेवढें वगळून रीत पाहावी. पानें नारळाच्या रसांत मंदाग्नीवर ठेवतात, आणि तीं मऊ होईपर्यंत पळी लावीत नाहींत. ढवळल्यास घसा खाजतो, असें तेथील बायका मानतात. दाट रस शेवटीं घालून तेल सुटेपर्यंत आटवितात. अळूची खाज त्यांतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळें असते. आपल्या गृहिणी तीवर चिंच किंवा चुका योजतात. बिकोलच्या गृहिणी वाळवण आणि धीर.

आतां जिन्नसांचें कूळ पाहूं. स्पेनचा अंमल त्या बेटांवर 1565 पासून 1898 पर्यंत होता, आणि मेक्सिकोहून मनिलास जहाजें 1815 पर्यंत येत. मिरची मूळची अमेरिकेंतली. तेथील दुसरी आवडती भाजी भोपळा व चवळीच्या शेंगा यांची, तीही नारळाच्या रसांतलीच. तींतला भोपळाहि अमेरिकेचाच, आणि त्याचें ‘कालाबासा’ हें नांवही स्पॅनिश. तरी पदार्थ मात्र ‘गिनाताआन’च राहिला. परक्या जिन्नसांस त्या लोकांनीं आपली रीत लावली व आपलेंच व्याकरण. आपल्याकडेही सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर मिरची आली. आज तिच्यावांचून आमटीची कल्पनाही करवत नाहीं.

तेव्हां अमुक जिन्नस परका म्हणून तंटा करण्यांत अर्थ नाहीं. त्यापेक्षां चिंच केव्हां घालावी, पळी केव्हां थांबवावी, हें घरांतील वडील बायकांपाशीं बसून मुलींनीं, आणि मुलग्यांनींहि, वेळींच शिकून घ्यावें. अळू व नारळ बाजारांत पुढेंही मिळतील. सांगणारें माणूस गेलें कीं ही रीत कोठेंही विकत मिळणार नाहीं.