सही डॉक्टरची, सुई कोणाची?

चौलच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांतून निघालेला रस्ता अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत जेमतेम सोळा-सतरा किलोमीटरचा. दिवसाउजेडी या अंतराचे काहीच वाटत नाही. श्रावणातल्या रात्री विंचू चावलेले पोर खांद्यावर असले की तेच अंतर संपता संपत नाही. कोकणपट्टीतल्या कोणत्याही गावी अशा वेळी जवळच्या दवाखान्याचे दार ठोठावले जाते आणि पुष्कळदा ते उघडतो कंपाउंडर. डॉक्टर परगावी असतात. दूरध्वनीवरून ते औषध सांगतात, कंपाउंडर सुई टोचतो. रुग्ण बरा झाला तर कोणी काही विचारीत नाही. तो दगावला तर मात्र ती सुई कोणाची, हा प्रश्न उभा राहतो.

याचे उत्तर एका ठिकाणी मिळत नाही, हेच आपल्या कायद्याचे दुखणे आहे. महाराष्ट्राचा 1961 चा वैद्यक व्यावसायिक अधिनियम नोंदणी नसलेल्यास व्यवसाय करण्यास मनाई करतो. परिचारिकांसाठी 1966 चा स्वतंत्र कायदा आहे. औषध तयार करणे व देणे हे 1948 च्या औषधनिर्माण कायद्यान्वये नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे काम. मात्र डॉक्टरला स्वतःच्या रुग्णांपुरती सूट आहे. त्या सुटीच्या आडोशाने आपला पिढीजात कंपाउंडर उभा आहे. 1956 च्या भारतीय वैद्यक परिषद कायद्यात अनधिकृत व्यवसायाला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होता. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याने कैदेची मुदत तीच ठेवून दंड पाच लाखांपर्यंत नेला. दंड वाढला हे योग्यच झाले. परंतु डॉक्टरने आपल्या हाताखालच्या माणसाकडून कोणते काम करून घ्यावे आणि कोणते कदापि घेऊ नये, याची सलग यादी यांपैकी कोणत्याही कायद्यात नाही.

ही पोकळी न्यायालयांना भरावी लागली. दिल्लीच्या एका खासगी रुग्णालयात विषमज्वरासाठी दाखल झालेल्या बालकाला नोंदणी नसलेल्या परिचारिकेने भलतेच इंजेक्शन दिले. त्याचे हृदय बंद पडले आणि मेंदूला कायमची इजा झाली. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालकाला साडेबारा लाख व आईवडिलांना पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. हाताखालचा माणूस त्या कामास समर्थ नाही हे ठाऊक असूनही जो वैद्य ते काम त्याच्यावर सोपवितो, तो स्वतः निष्काळजी ठरू शकतो, असे न्यायालयाने त्या निकालात सांगितले. सोपविले म्हणून सुटलो, असे म्हणण्याची सोय त्याने उरली नाही. त्यापूर्वी 1996 मध्ये मुंबईतील एका होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधे दिल्याच्या प्रकरणात, जी पद्धती आपण शिकलोच नाही तिचा वापर करणे हाच निष्काळजीपणा, असा निर्वाळा मिळाला होता. पुढे 2017 च्या डिसेंबरात प्रयोगशाळांच्या अहवालांचा प्रश्न आला. त्यावर सही विकृतिशास्त्रात पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, असे ठरले. तरीही एका डॉक्टरचे नाव गावोगावच्या पाट्यांवर झळकावे आणि त्याची मुद्रा तंत्रज्ञाच्या खणात असावी, हा प्रकार वाचकांना अपरिचित नसावा.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 चा अर्थ डॉक्टरांनी आणि त्याहून अधिक त्यांच्या मदतनिसांनी समजून घेतला पाहिजे. निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. वैद्यकीय प्रक्रिया करीत असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरला मात्र दोन वर्षांपर्यंत. ही सवलत डॉक्टरची आहे, दवाखान्याची नव्हे. धन्याच्या शब्दाखातर सुई हातात घेणारा, दहावी-बारावी झालेला, तुटपुंज्या पगारावरचा मुलगा त्या सवलतीच्या बाहेर आहे. हे त्याला कोणी सांगितले आहे काय?

याचा अर्थ पदवीवाचून कोणी रुग्णाला हातच लावू नये असा घेतला, तर तो शुद्ध अविचार होईल. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 39 खेड्यांत गावच्याच स्त्रियांना शिकवून आरोग्यदूत केले. नवजात अर्भकाला जंतुसंसर्ग झाल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्यापर्यंत त्यांची तयारी होती. तेथील नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्या बाईचे काम ठरलेले होते, शिक्षण झालेले होते, नोंदवही होती आणि वेळोवेळी तपासणारे वरिष्ठ होते. दूरध्वनीवरून सांगितलेली सुई आणि ही सुई यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 2014 मध्ये केंद्र सरकारने उपकेंद्रातील एएनएमला हेच औषध ठरावीक परिस्थितीत देण्याची लेखी मुभा दिली. सरकारी उपकेंद्राला जे लिहून देता येते, ते खासगी दवाखान्याला का देता येऊ नये?

आपल्या कार्यकर्त्यांनाही येथे थोडे थांबणे भाग आहे. वस्तीवर औषधपेटी घेऊन जाणारे आरोग्यरक्षक निरपेक्ष बुद्धीने जातात, याविषयी शंका नाही. परंतु हेतू शुद्ध आहे म्हणून प्रतिजैविकाची मात्रा बरोबर ठरत नाही. शिबिराच्या फलकावर डॉक्टरांचे नाव आणि प्रत्यक्ष टेबलापाशी उत्साही तरुण, असे चित्र सेवाकार्यातही दिसते. ताप-खोकल्याची साधी औषधे, जखमेची मलमपट्टी, रुग्णाला वेळेत वाहनात घालणे ही कामे त्याची. लेखी आदेशावाचून इंजेक्शन, सलाइन, प्रतिजैविके त्याच्या पेटीत असता कामा नयेत. शिबिराला नाव देणाऱ्या डॉक्टरने तेथे बसावे. बसता येत नसेल तर नाव देऊ नये.

विंचूदंशावर प्राझोसिन उपयोगी पडते, हे याच रायगड जिल्ह्यातील महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवून दिले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध साध्या गोळीचे आहे. ती केव्हा द्यावी, किती द्यावी, त्यानंतर रक्तदाब कितीदा पाहावा, हे जाणणारा माणूस रात्री गावात असणे हा खरा प्रश्न. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने व शासनाने मिळून डॉक्टरच्या मदतनिसाने करावयाच्या कामांची यादी काढावी, त्यासाठीचे प्रशिक्षण ठरवावे, आणि ती यादी मराठीत प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावण्याची सक्ती करावी. मदतनिसाच्या छातीवर त्याचे नाव आणि पात्रता लिहिलेली असावी. इंजेक्शन घेण्यापूर्वी ती पट्टी वाचण्याचा अधिकार चौलच्या आगरातल्या बाईलाही आहे.