समुद्रावर जाण्याआधी तिथी बघा

सुट्ट्या लागल्या आणि डोंबिवलीत आमच्या सोसायटीत अलिबागचा बेत ठरला की मला फोन येतो. माझं माहेर रेवदंड्याचं. ‘काकू, कुठे उतरायचं? जिताडा कुठे चांगला मिळेल? वडखळला गर्दी किती असेल?’ सगळे प्रश्न रास्त आहेत आणि मी त्यांची उत्तरं आनंदाने देते. पण त्या दिवशी भरती किती वाजता आहे, हे कुणीच विचारत नाही. ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांनी आधी हे विचारावं आणि मगच गाडी ठरवावी, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

खरं तर भरती आपल्या दारापर्यंत येते. मोठागावच्या रेतीबंदरावर सकाळी दिसलेला चिखल दुपारी पाण्याखाली जातो तो तिच्यामुळेच. दुर्गाडीखालच्या खाडीत शिवाजी महाराजांनी आरमाराची जहाजं बांधून घेतली, ती याच पाण्याच्या भरवशावर. गणपती विसर्जनाला आपण भरतीची वेळ बघतो. सहलीला मात्र हवामान बघतो, हॉटेलचे फोटो बघतो, तिथी बघत नाही.

आमच्याकडे वाडीतल्या माणसालाही हा हिशोब तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमाराला पाणी पूर्ण भरलेलं. शुद्ध पक्ष असो की वद्य, रीत तीच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी संपते आणि पुन्हा पाणी चढू लागतं. घरातल्या कालनिर्णयावर तिथी छापलेली असतेच. या हिशोबात थोडाफार फरक पडू शकतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी वेळापत्रकात नेमकी वेळ बघून घ्यावी.

आता हे सहलीला लावून बघा. षष्ठीच्या आसपास सकाळी दहा-साडेदहाला ओहोटी संपते. पहाटे डोंबिवलीहून निघून शिळफाटा, पळस्पे, पेण करत नऊच्या सुमाराला अलिबागला पोचलात तर कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. पाणी वळायच्या आत परत फिरावं. ‘अजून एक फोटो’ म्हणत रेंगाळलेले लोक किल्ल्यात अडकतात, आणि त्याहून वाईट म्हणजे कमरेएवढ्या पाण्यातून चालत यायचं धाडस करतात. पौर्णिमा-अमावास्येला उलटं असतं. भर दुपारी पाणी चढलेलं, आणि जेवणं उरकून मंडळी पाण्यात उतरतात तेव्हा उधाणाची ओहोटी लागलेली असते. तेच पाणी माणसाला आत ओढतं. त्या दिवशी दुपारी चौलच्या रामेश्वराला जावं, वाड्यांमधून हिंडावं. समुद्र कुठे पळून जात नाही.

पण तिथी वेळ सांगते, पाण्यात उतरायची परवानगी देत नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले 14 विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी पौष वद्य अष्टमी होती. भांगाचा दिवस, म्हणजे पंचांगाने भरती-ओहोटीचा जोर सगळ्यात कमी. तरीही चौदा घरांतली मुलं परत आली नाहीत. ही बातमी मी विसरू शकत नाही. कल्याण-डोंबिवलीतून मुलांना सहलीला पाठवणाऱ्या प्रत्येक पालकाने शाळा-कॉलेजला विचारावं: मुलं पाण्यात उतरणार का, किती खोल, आणि काठावर नजर ठेवायला कोण असणार?

धोका बहुतेक वेळा शांत दिसतो. काठावर आलेलं लाटांचं पाणी एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोराने मागे फिरतं. तिथे लाट फुटत नाही, फेस नसतो, पाणी जरा काळपट दिसतं. नवख्याला वाटतं, हीच जागा पोरांसाठी बरी. या ओढीत सापडलं तर काठाकडे हात मारत राहू नये. पट्टीचा पोहणाराही त्यात दमतो आणि दमला की बुडतो. अंग सैल सोडून तरंगावं, हात वर करून हाका माराव्यात, जमलं तर किनाऱ्याला समांतर सरकावं. ओढीची रुंदी फार नसते. ती संपली की लाटाच माणसाला काठाकडे आणतात.

बुडणाऱ्यामागे उडी मारण्याचा मोह आवरा. रेवदंड्याला माझा चुलतभाऊ पाहुण्यांना खोल्या देतो. समुद्रावर निघालेल्या प्रत्येक घोळक्याच्या हातात तो तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन देतो. बूच घट्ट आवळलेलं, मुठीला नायलॉनची लांब दोरी. दोरीचं टोक काठावरच्या माणसाच्या हातात ठेवायचं आणि कॅन बुडणाऱ्याकडे फेकायचा. त्याला धरून माणूस तरंगतो. घरात पडलेल्या वस्तूंत होणारं हे साधन तुमच्याही गाडीत असू द्या. जीन्स, सलवार, ओढणी घालून पाण्यात जाऊ नका, भिजले की हे कपडे पायात गुंततात. दारू प्यायलेल्या माणसाला पाण्याजवळ फिरकू देऊ नका, मग तो साहेब असो की सख्खा भाऊ. गाडी वाळूत नेऊ नका. काही घडलंच तर 112, आणि समुद्रातल्या बचावासाठी तटरक्षक दलाचा 1554.

पावसाळ्याबद्दल मी कुणाची भीड ठेवत नाही. जून-जुलैत आमचे कोळीबांधव होड्या काठावर ओढून शाकारून ठेवतात. मासेमारीला बंदी असते ती माशांच्या विणीसाठी, पण खवळलेला दर्या हेही कारण आहेच. ज्यांचा जन्म पाण्यावर गेला ते ज्या दिवसांत उतरत नाहीत, त्या दिवसांत आपण उतरायचं काय कारण? पाऊस बघायला जरूर जा. काठावर उभे राहा, गरम भजी खा, परत या.

सगळा भार पर्यटकांवर टाकूनही चालणार नाही. गोव्याने 2008 पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक नेमले, धोक्याच्या जागी लाल झेंडे लावले. ब्राझीलच्या रिओ शहरात किनाऱ्यावरच्या जीवरक्षक चौक्यांना ओळीने नंबर आहेत. लेमेपासून लेब्लोनपर्यंत एक ते बारा, आणि तिथले लोक भेटायची जागासुद्धा त्या नंबरावरून सांगतात. आमच्याकडे कुठे ग्रामपंचायत, कुठे नगरपालिका आपल्या परीने माणसं ठेवते, पण एवढ्या गर्दीला ती पुरत नाहीत. या गर्दीत आपण ठाणे जिल्ह्यातले लोकही असतो, तेव्हा मागणीही इथून जायला हवी.

जीवरक्षकांच्या कायम नेमणुकीला वेळ लागेल, पैसा लागेल. नंबर घातलेले खांब मात्र येत्या हंगामाआधी उभे राहू शकतात. काशिदचा किनारा सुमारे तीन किलोमीटरचा आहे. तिथून घाबऱ्याघुबऱ्या 112 लावणाऱ्याला ‘सुरूच्या झाडांसमोर’ एवढंच सांगता येतं, आणि सुरूची झाडं तर सगळीकडेच आहेत. दर दोनशे मीटरवर एक खांब, त्यावर लांबून वाचता येईल असा आकडा आणि खाली त्या दिवशीच्या भरती-ओहोटीची वेळ खडूने लिहायला एक फळा. तिथल्या जिल्हा प्रशासनाने एवढं काम अलिबाग, नागाव, काशिद आणि मुरुडपासून सुरू करावं.