जयणा खिडकीच्या आतच का?

आपण पाणी गाळून पितो, ओटा पुंजूनच गॅस पेटवतो. मात्र भोसरीत ऊन तापलं की एसी बसवणारा मुलगा ३० किलोच्या आसपासचं आउटडोअर युनिट घेऊन चौथ्या मजल्याच्या छज्ज्यावर बेल्टशिवाय उतरतो, आणि आपण आतून विचारतो, "भैया, अजून किती वेळ?"

मुंगीसाठी जयणा, मग त्याच्यासाठी का नाही? मोकळी बाल्कनी असेल तर युनिट तिथेच बसवा. पाइपचे पैसे वाढतील, वाढू देत. नसेल तर पक्क्या जागी अडकवलेला बेल्ट हवाच. दुकानदार देत नाही? सोसायटीने दोन घेऊन ठेवावेत. पाइपमधली हवा व्हॅक्यूम पंपानेच काढायला लावा; आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो.

परवा एकजण म्हणाला, "काकी, दोन मिनिटांचं काम आहे." मी चहा दिला, खिडकी उघडली नाही.