सुधाकराचे ‘लायसन्स’

दिवाळीचे फटाके संपतात न संपतात तोच आमच्या नगर जिल्ह्यात नाटकाचे दिवस सुरू होतात. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण माझ्यासारख्या जुन्या माणसाच्या तोंडी अजून नगरच येते, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) राज्य नाट्यस्पर्धा, गावोगावच्या जत्रा, शाळा-महाविद्यालयांची संमेलने. अशा वेळी एखाद्या हौशी मंडळाला हुक्की येते, की यंदा जुने, नावाजलेले नाटक करू. हुक्की उत्तमच आहे. मग प्रश्न येतो, पुस्तक कोणते घ्यायचे? आणि घात होतो तो इथेच.

यंदा पाथर्डीकडच्या एका मंडळाने ‘एकच प्याला’ धरले आहे. त्यांचा म्होरक्या पोरगा परवा माझ्याकडे आला तो दोन पुस्तके घेऊन. एक गडकऱ्यांचे मूळ नाटक, पिवळ्या पडलेल्या पानांचे. दुसरे ‘सुलभ’. तालमीला दुसरेच घ्यायचे त्याच्या मनात होते. “अण्णा, आमची पोरं ऊसतोडीच्या गावची. गडकरी त्यांच्या जिभेवर बसायचे नाहीत. यात सगळं सोपं करून दिलंय.” मी पुस्तक उघडले. सुधाकराची सनद रद्द होते, त्या जागी तिथे त्याचे ‘लायसन्स’ रद्द झाले होते. मी विचारले, “का रे, टांग्याचे की ट्रॅक्टरचे?” पोरगा हसला, पण मला हसू आले नाही.

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि पुढच्याच महिन्यात, २० फेब्रुवारीला, गंधर्व मंडळीने बडोद्यास ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणला. गणपतराव बोडस सुधाकर, बालगंधर्व सिंधू. लेखकाला स्वतःचा प्रयोग पाहायला मिळाला नाही. आता शंभरावर वर्षे लोटली, स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच सरली. तेव्हा ज्याला हवे त्याने गडकरी छापावा, कापावा, धुवावा, वाळत घालावा. विचारणारा कोणी नाही. म्हणूनच आपण विचारायला हवे.

सोपे केल्याने नेमके काय बिघडते, ते सांगतो. या नाटकात सिंधूची भाषा घरातली आहे. चूल, जाते, बाळ, दादा, एवढ्यातच तिचे जग, आणि तिचे बोलणेही तसेच साधे. सुधाकर वकील आहे. त्याचे वाक्य कोर्टात उभे राहिल्यासारखे बांधलेले असते. एक मुद्दा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. तो दारूने बुडतो तेव्हाही त्याची वाक्यरचना बुडत नाही, आणि प्रेक्षकाच्या पोटात कालवते ते त्यामुळेच: एवढे डोके, एवढी वाणी, आणि हा माणूस असा गेला! सुलभकारांनी सुधाकरालाही घरगुती मराठी नेसवली की नवरा-बायको एकाच सुरात बोलू लागतात. मग एक दारुडा नवरा आणि एक सोशिक बायको, एवढेच काय ते उरते. तेवढ्यासाठी गडकरी कशाला हवे? दर शनिवारी बाजाराच्या गावी तसले नाटक फुकट दिसते.

तळीरामाची तर याहून दुर्दशा. आर्यमदिरामंडळात शास्त्रार्थाच्या थाटात मद्याची बाजू मांडली जाते. विनोद आहे तो त्या थाटात. पंडिताचे पागोटे दारुड्याच्या डोक्यावर ठेवले म्हणून लोक हसतात. ‘कठीण शब्द’ म्हणून पागोटेच काढून घेतले की खाली नुसता दारुडा उरतो. त्याला पाहून कोण हसणार आणि का हसणार?

शिवाय नटाच्या श्वासाची गोष्ट आहे. गडकऱ्यांचे लांब वाक्य कागदावर पाहिले की धडकी भरते, हे खरे. पण ते मोठ्याने म्हणून पाहावे. ते पायऱ्यापायऱ्यांनी चढते, आणि प्रत्येक पायरीवर श्वास घ्यायला जागा ठेवलेली असते. शेवटच्या पायरीवर टाळी. सुलभकाराने तीन पायऱ्या फोडून एक उतरंड केली की नट धापा टाकतो आणि टाळी येत नाही. वाचायला सोपे ते बोलायला सोपे, असा हिशेब करणाऱ्या माणसाने विंगेत कधी पाऊल ठेवले नसावे.

पोरांना पेलणार नाही, हा आक्षेप मला सर्वांत अधिक झोंबतो. आमच्याच जिल्ह्यात, नेवाशास, १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. नऊ हजारांच्या आसपास ओव्या, सातशे वर्षांपूर्वीची भाषा. तिचे पारायण सप्ताहात कोण करते? याच पोरांचे आईबाप. आणि नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरी हाती घेतली ती ‘सोपी’ करण्यासाठी नव्हे. प्रतीप्रतींत शिरलेले चुकीचे पाठ काढून त्यांनी मूळ शुद्ध केले, आणि पुढे कोणी त्यात आपली भर घालू नये म्हणून बजावूनही ठेवले. सुलभकारांनी निदान पैठणकडे तोंड करून एक नमस्कार घालावा.

तिकडे इंग्रजांनीही हा प्रकार करून पाहिला आहे. नाहम टेट नावाच्या कवीने १६८१ साली शेक्सपियरचा ‘लिअर’ दुरुस्त केला, विदूषक काढला, शेवट गोड केला. लोकांना फार आवडले. मॅक्रेडी या नटाने १८३८ साली त्या वेड्या विदूषकाला रंगभूमीवर परत आणले, तोवर दीडशे वर्षे होऊन गेली होती. आपल्याकडे उलट, आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, तेही काही बाळबोध मराठीत नव्हे. आणि गणपतराव जोशांनी तेच रंगभूमीवर असे गाजवले की लोक तिकिटासाठी भांडत.

आता माझ्यावर एक आरोप होईल, की म्हातारा पोथीनिष्ठ आहे. मुळीच नाही. मूळ नाटक पाच अंकांचे, रात्रभर चालणाऱ्या जमान्यातले. आज स्पर्धेत वेळेचे बंधन, गावात दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. कात्री लागणारच, आणि ती लावावी. पण कात्री लावणे निराळे आणि शब्द बदलणे निराळे. पदे कमी करा. ती तशीही गुर्जरांनी रचलेली आहेत. उपकथानकाचा एखादा प्रवेश सबंध गाळा. जे ठेवाल ते मात्र गडकऱ्यांचे असू द्या. तयार रंगावृत्तीच्या झेरॉक्सवर मला भरवसा नाही, तो याचसाठी, की तिच्यात काय गाळले आणि काय बदलले, याचा पत्ता लागत नाही. पूर्ण पुस्तक हाती असेल तर तालीममास्तरच्या पेन्सिलीची रेघ दिसते, आणि उद्या तीच ओळ हवीशी वाटली तर रेघ खोडता येते.

अभ्यासक्रमाची टीपायुक्त आवृत्ती? तीही नटाच्या कामाची नव्हे. साठ-सत्तर पानांची प्रस्तावना, शोकात्मिकेची व्याख्या, आणि संवाद मात्र मुंगीएवढ्या टाइपात. तालमीत पुस्तक एका हातात, दुसऱ्या हातात प्याला. मुंग्या वाचायला डोळे कुठून आणायचे?

नटाला हवे ते इतकेच: पूर्ण संहिता, जाड टाइप, आणि अडणाऱ्या शब्दाचा अर्थ त्याच पानाच्या तळाशी. ‘सनद’ म्हणजे काय, हे तळाला एका ओळीत सांगता येते. वकिलीचा परवाना, आणि त्याबरोबर गेलेली इभ्रत. ‘लायसन्स’ या शब्दात ती इभ्रत कुठे आहे?

असे पुस्तक बाजारात न मिळाल्यास जुन्या कंपन्यांची वाट धरावी. तिथे प्रत्येक नट आपली नक्कल हाताने उतरवून घेई. आपले संवाद आणि आधीच्या माणसाचे शेवटचे शब्द. हाताने उतरवताना अर्धे पाठ होते, आणि कुठला शब्द कळला नाही हेही तेव्हाच कळते. मोबाइलवरच्या पीडीएफने ते होत नाही. मात्र एक सुधारणा करावी: नक्कल हाताशी असली तरी सबंध नाटक प्रत्येकाने एकदा वाचावे. सिंधूचे काम करणाऱ्या मुलीला तळीराम ठाऊक नसेल तर ती रडेल चांगली, पण कशासाठी, ते तिला कळणार नाही.

पाथर्डीच्या मंडळाने काय ठरवले, ते अजून कळलेले नाही. सुधाकराचे काम करणारा मुलगा दूधसंकलन केंद्रावर फॅट मोजतो. मी त्याला बसवून मूळ पुस्तकातले एक स्वगत वाचायला लावले. पहिल्यांदा चार ठिकाणी अडखळला. तिसऱ्यांदा एका ठिकाणी. चौथ्यांदा वाचायचे थांबून मला म्हणाला, “अण्णा, हा माणूस स्वतःशीच केस लढवतोय ना?” ज्या प्राध्यापकांनी प्रस्तावना लिहिली आहे, त्यांना हे एका वाक्यात जमलेले नाही. सुलभ आवृत्तीत हा प्रश्न त्याला सुचलाच नसता, कारण तिथे वकील उरलाच नव्हता.

माझी जुनी प्रत मी त्यांना दिली आहे. पाने सुटी झाली आहेत, जपून हाताळा म्हटले. दुसऱ्या कोणत्या मंडळाला हवी असेल तर त्यांचा प्रयोग झाल्यावर मिळेल. फक्त आधीच्यांच्या पेन्सिलीच्या खुणा खोडू नयेत.