लुटुपुटूच्या कुस्तीतील खरे कष्ट

‘नुरा कुस्ती’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. कोल्हापूरच्या खासबागेत निकाल आधीच ठरल्याचा नुसता संशय आला, तरी प्रेक्षक हुर्यो उडवितात. आणि ते योग्यच आहे. अशा प्रदेशातील वाचकाने अमेरिकेतील स्त्रियांच्या व्यावसायिक कुस्तीवर, म्हणजे निकाल पडद्यामागे ठरणाऱ्या कुस्तीवर, बेतलेली चित्रकथा आवडीने वाचावी, हे अनेकांस रुचणार नाही. प्रस्तुत लेखकाचा मात्र आग्रह आहे की, ती वाचावी, आणि संकोच न बाळगता वाचावी.

ही चित्रकथा हाइमे हर्नांडेझ या कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वंशाच्या चित्रकाराची आहे. १९८०च्या दशकारंभी भावांसमवेत त्याने ‘लव्ह अँड रॉकेट्स’ ही मालिका सुरू केली. तीत रेना तितान्योनसारख्या कुस्तीगीर स्त्रिया आरंभापासून वावरतात. १९९६ साली त्याने ‘वोआ, नेली!’ ही तीन अंकांची कथा कुस्तीलाच वाहिली. जीना आणि सोचिल या जोडीने लढणाऱ्या दोघी मैत्रिणी तिच्या केंद्रस्थानी आहेत. त्यांचे दंड भरदार आहेत, मांड्या जाड आहेत, आणि चेहऱ्यावर थकवा दिसतो. काळ्यापांढऱ्या रेषांत एवढे पुरते.

प्रत्यक्ष आखाड्यात उडी डोळ्याचे पाते लवण्याआधीच संपते. कागदावर ती चौकटीत थांबते आणि वाचकालाही थांबविते. मग ध्यानात येते की, या धंद्यात जिला आपटायचे, तिचीच मान सांभाळावयाची असते. निकाल ठरलेला असला, तरी लाकडी फळ्यांवर पाठ आदळते ती खरीच. दशावतारात संकासुर मरणार, हे कोकणातील पोरासोरांसही ठाऊक असते. म्हणून नटाचा घाम कुणी खोटा म्हणत नाही.

या कुस्तीत खरी लबाडी होत आली ती हिशेबाच्या वहीत. १९३७पासून विजेतेपद मिरविणाऱ्या मिल्ड्रेड बर्कचा नवरा बिली वुल्फ हाच तिच्या कुस्त्यांचा ठेकेदार होता. घटस्फोटानंतर त्याने आपली सून जून बायर्स हिला पुढे केले. २० ऑगस्ट १९५४ रोजी अटलांटात दोघी खरोखरच, काहीही न ठरविता, लढल्या. पहिली फेरी बायर्सने जिंकली, दुसरी अर्ध्यावर थांबविण्यात आली, आणि निकाल न लागताही किताब बायर्सकडे गेला! जी एक कुस्ती खरी झाली, तिचाच निकाल इतरांनी ठरविला.

त्याच १९५४ साली आपल्याकडे हमीदा बानू लढत होती. जो हरवील त्याच्याशी लग्न करीन, असे आव्हान तिने दिले होते. बडोद्यात बाबा पैलवानाला तिने १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. पुढे मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्तिलिन हिला मिनिटभरही टिकू दिले नाही. परंतु रामचंद्र साळुंके यांच्याशी तिची कुस्ती स्थानिक कुस्तीगीर संघाच्या हरकतीमुळे रद्द झाली. तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. ती स्त्री आहे म्हणून बंदी नाही, तिच्यापुढे बनावट पैलवान उभे केले जातात अशा तक्रारी आहेत, असे उत्तर आले. कुणा कुस्त्या खरोखर ठरविलेल्या असतीलही. पण आयोजकांच्या लबाडीची शिक्षा लढणाऱ्या बाईने का भोगावी? पुढे कल्याणात तिने दूध विकून दिवस काढले आणि १९८६ साली ती वारली.

४ मे २०२४ रोजी गूगलने तिचे चित्र आपल्या मुखपृष्ठावर झळकविले. हर्नांडेझची पुस्तके मिटल्यावर वाटते की, एका चित्राने भागणार नाही. पुढच्या चौकटी आपल्याकडील कुणा चित्रकाराने काढावयास हव्यात, बडोद्यापासून कल्याणच्या दुधाच्या धंद्यापर्यंत.