भीती वाटू द्या, पण मुलांना एकटे सोडू नका

नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी जळगाव-धुळ्याच्या घराघरांत दूरदर्शनवर मोगली लागायचा. गुलजार यांनी लिहिलेले त्याचे शीर्षकगीत तोंडपाठ असलेल्या पिढीतल्या अनेकांना ती मालिका जपानमध्ये तयार झाली होती, हे आजही माहीत नसते. आता त्याच पिढीची मुले मोबाइलवर जपानी अ‍ॅनिमेशनपट पाहतात. त्यात आईवडिलांची डुकरे होतात, आग बोलते, मांजराची बस धावते. घरातले मोठे एक तर ‘हे काय भलतेच’ म्हणून रागावतात, नाही तर ‘कार्टूनच तर आहे’ म्हणून मोबाइल मुलाच्या हातात देऊन मोकळे होतात. या दोन्ही गोष्टी मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने चुकीच्या आहेत.

असे विचित्र काही आवडणे हा मनाचा बिघाड नाही. 1944 मध्ये हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना एक छोटी चित्रफीत दाखवली. त्यात फक्त दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे फिरत होते. तरीही बहुतेकांनी त्यात भांडण, भीती आणि पाठलाग पाहिला. हलणाऱ्या आकारात जीव पाहणे हा मेंदूचा स्वभावच आहे. झोपेचेही तसेच. डोळ्यांची जलद हालचाल होणाऱ्या झोपेत, म्हणजे स्वप्नांच्या मुख्य काळात, भावनांशी निगडित भाग जागे असतात, तर तर्काने पडताळणी करणारा पुढचा भाग मंदावलेला असतो. म्हणून स्वप्नात घराचे दार थेट शाळेत उघडले तरी नवल वाटत नाही. सातोशी कोन यांचा 2006 चा ‘पाप्रिका’ नेमक्या याच अनुभवावर उभा आहे.

खान्देशाला हे नवे नाही. धरणगावात 1890 मध्ये जन्मलेल्या बालकवींनी ‘फुलराणी’त फुलाचे आणि सूर्यकिरणाचे लग्न लावले. विहिरीवरच्या आसरांच्या गोष्टी इथल्या आज्या सांगत आल्या. आखाजीला घागर भरून पितरांना जेवू घालणाऱ्या घरातल्या मुलाला, गेलेली माणसे पाहुणी म्हणून परत येतात ही जपानी कल्पना परकी वाटत नाही. मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’मध्ये घाणीने लडबडलेला एक देव स्नानगृहात येतो. त्याच्या अंगातून सायकल आणि ढीगभर कचरा ओढून काढल्यावर कळते, की ती एक नदी आहे. पांझरेच्या पुलावरून शाळेत जाणाऱ्या मुलाला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही.

फरक आहे तो ऐकण्या-पाहण्याच्या जागेत. आसरांची गोष्ट आजीच्या मांडीवर ऐकली जायची. भीती वाटली की हात धरायला कुणीतरी असायचे. आज तीच भीती मूल रात्री गोधडीत, एकटे, मोबाइलच्या उजेडात अनुभवते. त्यामुळे झोप जाते ती वेगळीच, आणि मनात आलेला प्रश्न विचारायला शेजारी कुणी नसते.

खरे तर हे सिनेमे अवघड गोष्टी बोलायला मदत करू शकतात. मियाझाकींच्या आईला मणक्याचा क्षयरोग होता आणि त्यांच्या बालपणाची अनेक वर्षे त्या आजारात गेली. 1988 च्या ‘माय नेबर टोटोरो’मधल्या दोन बहिणींची आई रुग्णालयात आहे. ती परत येईल ना, ही धास्ती मुली उघड बोलत नाहीत, आणि जंगलातला तो केसाळ प्राणी त्यांना सोबत करतो. घरात कुणी आजारी असलेल्या मुलाशी बोलायला इतकी सोपी सुरुवात क्वचित मिळते.

मात्र चित्रे हलतात म्हणून प्रत्येक सिनेमा लहानांचा ठरत नाही. ‘टोटोरो’सोबतच प्रदर्शित झालेल्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’मध्ये युद्धात दोन भावंडे उपासमारीने मरतात. सहा वर्षांच्या मुलाला तो एकट्याने पाहू देणे निष्काळजीपणाचे आहे. 2024 पासून आपल्याकडे प्रमाणपत्रावर 7, 13 आणि 16 वर्षांचे वेगळे टप्पे छापले जातात. तिकीट काढण्याआधी ते वाचावेत.

दुसरा धोका शरीराचा आहे. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे 12 वेळा लखलखला आणि जवळपास 685 जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यात बहुतेक मुले होती. त्यानंतर जपानी वाहिन्यांनी अशा दृश्यांवर नियम घातले. प्रकाशामुळे फिट येण्याचा त्रास थोड्यांनाच असतो, पण तो मुलांत आणि किशोरांत अधिक आढळतो. खोलीत दिवा चालू ठेवणे आणि पडद्यापासून लांब बसणे एवढ्यानेही धोका कमी होतो. फिट आलीच तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नये आणि तोंडात काही घालू नये. मुलाला कुशीवर वळवावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर लगेच रुग्णालय गाठावे.

बंदी घालून उपयोग नाही. आठवड्यातून एक सिनेमा घरच्यांनी मिळून, दिवा लावून, जेवणाआधी पाहावा. संपल्यावर ‘यातले काय खरे वाटले?’ एवढेच विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. मूल वारंवार दचकून उठत असेल, शाळा टाळत असेल किंवा गप्प गप्प राहत असेल, तर दोष सिनेमाला देऊन थांबू नये. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि ‘टेली मानस’चा 14416 हा क्रमांक मोफत आहे. मोगली पाहताना अख्खे घर एकत्र बसायचे. मुलांना आज गरज आहे ती त्या सोबतीची.