वाडा पाडायच्या आधी

परवा नागपूरला महालात गेले होते, मोठ्या मामांकडे. दिंडी लोटून आत पाय टाकला तर चौकात बिल्डरचा माणूस टेप घेऊन उभा. मला वाटलं, वाडा मोजतोय. तो प्लॉट मोजत होता.

मी नेहमीचं सुरू केलं... वारसा, आजोबा, हे कसं विकायचं वगैरे. मामा शांतपणे म्हणाले, "तू पुण्याला फ्लॅटमध्ये राहून वाडा वाचवा म्हणते. दरवर्षी कवेलू कोण फेरणार? अकरा हिस्सेदार आहेत, ताडपत्रीला पैसे मागितले तर फोन उचलत नाहीत." त्या अकरांत माझी आईही येते. मी गप्प बसले.

त्या रात्री झोप आली नाही. आठवलं ते भोसल्यांच्या जुन्या राजवाड्याचं. महाल हे नावच त्याच्यावरून पडलेलं. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केलं आणि १८६४ साली राजवाडा आगीत जळाला. १९०८ च्या इंपीरियल गॅझेटियरात त्याबद्दल जेमतेम ओळ-दोन ओळी आहेत. काळ्या दगडाचा होता, लाकडावर भरपूर कोरीवकाम होतं, जळाला, नगारखाना तेवढा उरला. ओरिसापर्यंत राज्य केलेल्या घराण्याचा राजवाडा, आणि त्याच्या वाट्याला एवढंच!

दगड जळत नाही, पण वाड्याचा सांगाडा लाकडाचा असतो. दगडी जोत्यावर सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. भार सगळा लाकडावर, भिंत नुसती मध्ये भरलेली. म्हणूनच वाडा सुटासुटा उकलताही येतो. कोरीव खांब एखाद्या हॉटेलात जातो, दिंडी कुणाच्या फार्महाऊसवर. वस्तू वाचतात, पण कशावर काय टेकलं होतं ते जातं. मामांच्या माजघरात मे महिन्यातही पंख्याशिवाय झोप लागायची. हातभर जाड मातीच्या भिंती, वर माळा, मधल्या चौकातून निघून जाणारी गरम हवा. नागपूरच्या उन्हाळ्यावर कुणीतरी विचार करून काढलेलं हे उत्तर होतं. ते कुठेच लिहून ठेवलेलं नाही.

म्हणून माझं मत आता जरा बदललंय. "वाडे वाचवा" असं दुरून ओरडण्यात अर्थ नाही. ज्याला गळती काढावी लागत नाही त्याने ते बोलू नये, मी तर नाहीच. वारसा यादीत नाव घालून घरमालकाला एकटं सोडणं हाही अन्यायच. पण पाडायच्या आधी वाडा मोजून, काढून ठेवणं, एवढं तर आपल्या हातात आहे ना? आर्किटेक्चरच्या मुलांना अभ्यासासाठी जुन्या इमारती मोजायच्याच असतात. त्यांना आत येऊ द्या. नकाशा होईल, फोटो होतील. आणि जुन्या माणसांजवळ बसून शब्द लिहून घ्या: ओसरी, पडवी, बळद, देवळी, कोनाडा. माझ्या मुलीला बळद म्हणजे काय ते सांगताना मला हातवारे करावे लागले. धान्य साठवायची भिंतीतली कोठी, एवढं साधं, पण दाखवायला भिंत नको?

हे वाचणाऱ्या मावश्या, मामेभाऊ, सगळ्यांना हात जोडून सांगते, विकू नका असं मी म्हणत नाही. मामांनी एकट्याने पुष्कळ वर्षं निभावलं, आता त्यांना मोकळं करायला हवं. फक्त दोन महिने थांबा. मोजायला लागेल तो खर्च मी करते. आणि यंदा कवेलू फेरायचे पैसेही पाठवलेत. उशिरा का होईना.

असो. तुमच्याही गावात असा वाडा असेल, तर आधी टेप घेऊन जा.